इमारत, नग एक

आधीच सांगून ठेवते भाऊ, चूक आमची नाई. जो येते तो हेच विचारते, "काऊन ठमाबाई, कचेरीच्या कागदाचे पुडे बांधनाऱ्या तुमीच ना?" अन दात काढते. हव, आमीच. बावीस बाया होतो, मी त्याहीची म्होरकी. असे पुडे आख्ख्या जिल्ह्यात कोनी बांधून दाखवावं. जे सांगतलं ते केलं. सांगनारा भैताड निघाला त्याले आमी काय करनार?

तालुक्याच्या गावाचं नाव नाई घेत, साहेब लोकं चिडतात. तिथल्या चौकात शिमिटाची माडी हाय, तीच कचेरी. माहं लग्न व्हायच्या आधी तिथी जुना बाजार होता, लाकडी दुकानांचा. एका उन्हाळ्यात सारा जळाला. मंग सरकारनं मधातलं गाव नव्यानं बांधलं, रस्ते फुटपट्टीनं आखले, अन चौकात ही तीन मजली माडी उभी केली. नकाशा काढनारा मुंबईचा, परदेशात शिकून आलेला. इकडे तो कधी आलाच नाई. त्यानं माडी नुसत्या खांबावर उभी केली. खाली भिंतीच नाई, का तर म्हने खालून हवा खेळली पाहिजे, लोकं मोकळे फिरले पाहिजे. लोकं कायले फिरतात? बाजाराच्या दिवशी बकरे बांधतात. माथ्यावर कवेलू नाई, उतार नाई, सपाट गच्ची. आमच्याकडचा श्रावन त्यानं एकदा पाह्यला असता तर असं केलं नसतं. पश्चिमेचं ऊन अडवाले शिमिटाच्या आडव्या पट्ट्या होत्या नकाशात. ठेकेदारानं नकाशा फिरवून धरला अन त्या उत्तरेले लागल्या. तिकडून ऊन आजपावेतो आलं नाई. पश्चिमेकडचे बाबू तीन वाजले का डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसतात.

पन खरं सांगू, मले ती माडी आवडते. तिच्यात लपवाछपवी नाई. खांब तो खांब, पट्टी ते पट्टी. आतमंधले लोकं तसे असते तर बरं झालं असतं.

त्या माडीत माहा एक कागद होता. चौदा वर्षं झाली. नाल्याच्या काठानं आमच्या चार एकर धानाच्या बांध्या हायेत, माह्या सासऱ्यानं, बुधूनं, रान साफ करून काढलेल्या. फॉरेस्टवाले म्हनतात जागा जंगलाची. मंग कायदा आला. दोन हजार पाचच्या आधीपासून तुमी तिथी नांगर चालवून राह्यले हे दाखवा, जमीन तुमची. आता दाखवाले आमच्यापाशी एकच कागद. सासरा तरना होता तवा गार्डानं त्याले नांगरासकट धरलं अन गुन्हा लिहिला: बुधू नावाच्या इसमानं जंगलात बेकायदेशीर धान लावलं. खाली सासऱ्याचा अंगठा, तोही अर्धाच, काऊन का अर्धा कुऱ्हाडीनं गेल्ता. म्हंजे पाहा, ज्या कागदानं सासऱ्याले चोर म्हनलं तोच आता आमाले मालक करनार होता. माहा नवरा इसरू तो कागद दाव्यासंगं कचेरीत देऊन आला. त्याच्यानंतर नुसत्या तारखा. या तारखेले साहेब नाई, त्या तारखेले समिती नाई. तारखा करता करता इसरू दोन सालाआधी तापानं गेला. तारीख राह्यली.

यंदा नोटीस आली. दहा जूनले शेवटची सुनावनी. मूळ कागद समितीसमोर पाहिजे, नाईतर दावा खारीज. अन आताच्या गार्डानं आमच्या बांध्यात चुन्याच्या फुल्याही मारून ठेवल्या. दावा खारीज झाला का फुलीफुलीवर खड्डा अन खड्ड्यात सागाचं रोप. धानाच्या बांधीत साग. मले त्या फुल्या पाहून जेवन जात नव्हतं.

मे महिन्यात तेंदूचा, म्हंजे बिडीच्या पानाचा, हंगाम आटोपला अन तालुक्यात चौक पुन्हा नवा करनं सुरू झालं. एकदा जळाला म्हनून नवा केला, आता जुना दिसते म्हनून नवा. माडीले रंग, समोर साहेबाच्या गाडीले सावली म्हनून एक पोर्च, अन दुसऱ्या मजल्यावरची रेकॉर्डची खोली आठ दिवसात रिकामी. रेकॉर्डचा बाबू निकेश, कोवळं पोरगं, मूल गावाकडचं. त्याच हप्त्यात त्याच्या बहिनीचं लग्न. त्यानं आमच्या गावात निरोप धाडला, तेंदूवाल्या बाया रिकाम्या असतील तर पाठवा. मी तर एका पायावर तयार. म्हनलं, त्या ढिगात आपलाही कागद हाय, आपल्याच हातानं निघन.

आमी पोचलो तवा निकेशबाबू बॅग खांद्याले लावून उभा होता अन मूलची जीप हारन वाजवून राह्यली होती. तो बोलला ते शब्दासकट सांगते. "सगळे कागद झटकून साफ करा, सारखे लावा, मोजून पुडे बांधा. फाटकं-तुटकं वेगळं काढा. गच्चीवर ऊन दाखवा, ओल लागली आहे. आपलंच काम समजून करा, बाई."

आता तुमीच सांगा. तीस वर्षं झाली मले तेंदूची पानं तोडून. आपलं काम म्हंजे काय हे मले नाई तर कोनाले माहीत? पानं घरी आनली का पुसायची. मोठ्यासंगं मोठं, लहानासंगं लहान. देठ सारे एका अंगाले. सत्तर पानं झाली का सालीच्या दोरीनं एक पुडा, ना एकोनसत्तर ना एकाहत्तर. मंग फळीवर, म्हंजे पुडे जमा करतात त्या मैदानात, शंभर-शंभरच्या रांगा लावायच्या, ऊन द्यायचं, उलटायचे, अन पोत्यात भरायच्या आधी पान्याचा शिपका मारायचा, नाईतर पान कडकड मोडते. किडीनं खाल्लेलं, फाटकं पान पुड्यात दिसलं का फळीवर पुडे मोजून घेनारा दिवाणजी आख्खा पुडा फेकून देते. तशा फेकलेल्या पुड्यापायी नवी नवरी असताना मी रडली हाय.

तर तसंच केलं. फायली लाल फडक्यात बांधून होत्या. फडके सोडले, दोऱ्या उपसल्या, पुठ्ठे म्हंजे काडीकचरा म्हनून बाजूले टाकले. लांब कागद लांबासंगं, आखूड आखूडासंगं, पिवळे पिवळ्यासंगं. पिंकी, माह्या मैत्रिनीची, सोमारीची पोरगी, दहावी शिकलेली. ती म्हने, "काकी, भोक पडलेलं पान घेत नाई ना आपन? इथी तर साऱ्याहीलेच बाजूले भोक हाय."

मी म्हनली, "तो देठ समज."

थोड्या वेळानं पुन्हा थांबली. "काकी, हे एकाच मानसाचे कागद हायेत. संगं ठेवू का?"

"वाचत बसशील तर पुडा कवा बांधशील? जंगलात एका झाडाची पानं संगं ठेवते का कोनी?"

पोट्टीनं ते कागद वेगवेगळ्या पुड्यात घातले. तिचं तोंड मी बंद केलं, हे मी विसरत नाई.

त्या मुंबईवाल्यानं गच्ची सपाट कायले केली ते त्या हप्त्यात समजलं. अशी फळी मी जन्मात पाह्यली नाई. दगड नाई, गवत नाई, ऊन चारी बाजूनं. बाया पुडे बांधून आनत, मी शेवटाले उभी राहून एक एक चाळत होती, दिवाणजी करते तसं. फाटकं दिसलं का उपसून टाक. वाळवीनं खाल्लेलं, टाक. बदली चांगलं पान घाल. सहा दिवसात चार हजार तीनशे पुडे झाले. फेकलेल्या पानांचे तीन पोते भरले, ते पोर्च बांधनारा नथ्थू मिस्त्री मागून घेऊन गेला. मी म्हनलं, ने बापा, तेवढीच जागा मोकळी.

सातव्या दिवशी निकेशबाबू आला. कपाळाले अजून लग्नाचा टिळा होता. मी गच्चीवर शिपका मारून राह्यली होती.

"बाई, फायली कुठे आहेत?"

"हे काय, समोर. त्रेचाळीस रांगा, रांगेत शंभर. मोजून घे."

त्यानं एक पुडा उचलला. पहिलं पान पाह्यलं, दुसरं पाह्यलं. मंग पान्याच्या टाकीले टेकून खाली बसला. मले वाटलं खुशीनं बसला. मंग तो म्हनाला, "बाई, हे एकाचंही नाही राहिलं."

"साऱ्याहीचं हाय," मी म्हनली.

तवा कुठी मले समजलं फाईल म्हंजे काय असते ते. आमच्यातली एकही बाई फाईलवाली नव्हती ना. फायली आमच्यावर होतात, आमच्यापाशी कधी आल्या?

आता साहेबाले वरते कळवनं भाग होतं. रेकॉर्ड मिसळलं असं लिहिलं तर नोकरी जाते. म्हनून त्यानं लिहिलं, "अभिलेखांचे सत्तर-सत्तर पानांत समान वर्गीकरण पूर्ण." चार दिवसात वरून शाबासकीचं पत्र आलं. म्हने आजपर्यंत कोनत्याच कचेरीनं आपल्यापाशी कागद किती हे मोजून सांगतलं नाई, तुमी पहिले. यापुढे एक पुडा म्हंजे एक फाईल समजावी. झालं. त्या दिवसापासून जो येईल त्याले एक पुडा. आमच्या गावचा लटारू सातबाऱ्यासाठी गेला, तर त्याले भेटलं बैलाच्या लसीचं कार्ड, कोन्या मास्तराची रजा, नाटकाची परवानगी, विहिरीची मंजुरी, अन असेच सहासष्ट. तो खुशीत घरी आला. म्हने आधी खाली हात येत होतो.

मले हसू नाई आलं. जून लागला होता.

आमी बावीसही बाया परत गच्चीवर गेलो. निकेशबाबूनं कुलूप काढून देल्लं, बिचाऱ्याले आता कायचंच काही वाटत नव्हतं. पुडा कोनाचा हे आमाले गाठीवरून समजते. सोमारी उलटी गाठ मारते, पिंकी दोन वेढे देते. ज्या बाईचा पुडा तिनं सोडायचा, पाहायचा, परत बांधायचा. वाचनारी एकली पिंकी. बाकीच्याहीले मी सांगतलं, "अक्षर नोका पाहू. अर्धा अंगठा पाहा. निळ्या शाईचा, एका बाजूनं कापल्यासारखा."

चार दिवस पाह्यलं. तीन लाख कागदं भाऊ. अंगठे किती असतात सरकारपाशी, सांगू? मोठे, लहान, बोटं घसरलेले, दोन-दोनदा दाबलेले. सही करनाऱ्याचा एक कागद तर अंगठेवाल्याचे दहा. पन सारे पुरे. अर्धा एकही नाई.

चौथ्या दिवशी पिंकी हळूच म्हनाली, "काकी, तो कागद फाटका होता का?"

मले इसरूचं बोलनं आठवलं. कचेरीत देऊन आला तवा म्हनला होता, वरचा कोपरा वाळवीनं खाल्ला, पन अंगठा शाबूत हाय.

वाळवीनं खाल्लेलं, टाक. कोन म्हनत होतं? मीच. शेवटाले कोन उभं होतं? मीच. माह्या सासऱ्याचा कागद माह्या हातात आला असन, मी त्याचा कोपरा पाह्यला असन, अन टाकून देल्ला. अंगठ्याकडे नजरच गेली नाई. दिवाणजीनं तीस वर्षं माह्या पुड्याले जे केलं ते मी माह्या घराले केलं. मी गच्चीच्या कठड्याले टेकून रडली. सोमारी पाठीवर हात फिरवत होती अन म्हनत होती, "पान चांगलं असतं तर तू फेकलं नसतं." तिले समजूत घालता येत नाई, पन जीव लावते.

मंग डोळे पुसले अन नथ्थू मिस्त्रीपाशी गेली. तो पोर्चाखाली तंबाखू मळून राह्यला होता.

"नथ्थूभाऊ, ते तीन पोते कुठी टाकले?"

त्यानं वरते बोट केलं.

वरते सेंट्रिंगच्या पाट्या, पाट्यावर पोर्चाचा स्लॅब. पाट्याले शिमिट चिकटू नये म्हनून मिस्त्री लोकं मधात कागद अंथरतात. एरवी शिमिटाच्या रिकाम्या पिशव्या फाडून टाकतात. "तुमचे कागद गजब बसले बाई," तो म्हने, "एकावर एक नाई ठेवला. एक एक, तोंड खाली करून."

"पाट्या कवा काढशील?"

"आठ तारखेले. आधी काढल्या तर आपल्याच डोक्यावर येईल सारं."

आठ तारखेपावेतो मी त्या पोर्चाखाली रोज जाऊन बसली. काही कराले नव्हतं. खालून वरते पाहत बसायचं. आमच्याकडे मेलेल्या मानसाच्या नावानं दगड उभा करतात. मी म्हनलं, बुधूबाबा, तुमच्यावर तर सरकारनं स्लॅबच टाकला.

आठ तारखेले पाट्या निघाल्या. साऱ्या छताले कागद चिकटले होते, शिमिटात पक्के बसून गेलेले, अक्षरं खालून साफ दिसत होती. सारे फाटके, वाळवीनं खाल्लेले, म्हंजे सारे जुने. तिथी मोहाच्या झाडांची यादी होती, कोन्या गावाच्या शिवेचा नकाशा होता, जळालेल्या बाजारातल्या दुकानांची नावं होती. मी जमिनीवर उतानी पडली अन सरकत सरकत पाहू लागली. तिसऱ्या खांबापाशी, पंख्याच्या हूकाच्या बाजूले, अर्धा अंगठा.

मी उठलीच नाई. पडल्या पडल्या जोहार केला.

गोष्ट पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोकं चटया घेऊन आले अन पोर्चात उताने पडले. कोनी बापाले शोधून राह्यला, कोनी विहिरीले. साहेबाची गाडी आली, पन पोर्चात शिरेना, खाली साठ-सत्तर मानसं पडून. साहेबानं गाडी उन्हात लावली. ज्या सावलीपायी एवढा खटाटोप केला ती साहेबाले मिळाली नाई, याचं मले थोडं वाईट वाटलं. थोडंच.

दहा तारखेले सुनावनी. समितीच्या दिव्यानी मॅडम, नव्या आलेल्या, वयानं माह्या पोरीएवढ्या. दुसऱ्या मजल्यावर बसल्या होत्या. बाजूले फॉरेस्टचा गार्ड, त्याच्या हातात खड्ड्यांची यादी.

"ठमाबाई, मूळ कागद आणला आहे का?"

"हाय मॅडम. पन खालते हाय, अन वरते हाय."

निकेशबाबूनं सांगतलं समजावून. मॅडम ऐकत राह्यल्या. त्याहीनं कपाळाले हात नाई लावला, हे मले आवडलं. "कागद समितीपुढे येऊ शकत नसेल तर समिती कागदापुढे जाईल," म्हने. सारे खालते आले. मॅडमसाठी चटई टाकली. त्या उतान्या झाल्या, गार्डही झाला, निकेशबाबू बाजूले वही घेऊन. मॅडमनं मोठ्यानं वाचलं. बुधू नावाचा इसम. गाव बरोबर. नाल्याचं नाव बरोबर. नांगर, बैलजोडी, बेकायदेशीर धान. खाली गार्डाची सही अन अर्धा अंगठा.

"पुरावा दाखल करून घ्या," मॅडम म्हनाल्या.

निकेशबाबू म्हने, "मॅडम, दाखल करायचा तर फाईलला जोडावा लागेल. हा छताला आहे. छत काढता येत नाही, खाली खांब आहेत. खांब इमारतीला आहेत."

"मग काय लिहाल?"

त्यानं लिहिलं अन वाचून दाखवलं. "पुरावा क्रमांक एक. प्रशासकीय इमारत, तीन मजली, सिमेंटची, नग एक. अर्जदारातर्फे सादर." नथ्थू मिस्त्रीनं ड्रिलनं छताले भोक पाडलं, निकेशबाबूनं त्यातून फाईलची दोरी ओवली अन माहा दावा खालते लटकवून देल्ला. अजूनही लटकून हाय, जाऊन पाहा.

मंग सवाल आला का निकालापर्यंत पुरावा सांभाळायचा कोनी. कचेरी म्हने आमी कसा सांभाळू, आमीच पुराव्यात बसून हाओत. इथी गार्ड पुढे आला. त्याच्या बॅगमंधी एकच फारम राहते, सुपूर्तनाम्याचं. चोरीचं लाकूड धरलं, बैलबंडी धरली का ते गावातल्याच कोनापाशी सांभाळाले ठेवतात अन त्याच्यावर अंगठा घेतात. त्यानं गाडीच्या बोनेटवर फारम भरलं. बंडीच्या जागी इमारत लिहिलं, बैलाच्या रंगाच्या जागी पांढरा. मी अंगठा देल्ला, पुरा. त्या दिवसापासून माडी माह्या ताब्यात हाय. संध्याकाळी साहेब कुलूप लावते अन चाबी माह्या हातात देते.

इथपर्यंत सारे हसत होते. मंग मॅडम म्हनाल्या, "आता निकाल देऊ या," अन निकेशबाबूनं नियमाचं पुस्तक काढलं. निकाल झाला का मूळ पुरावा रेकॉर्डच्या खोलीत जमा करायचा, जमा झाल्याची नोंद असल्याशिवाय निकालाची प्रत निघत नाई. अन रेकॉर्डची खोली तर इमारतीत. इमारत तिच्याच दुसऱ्या मजल्यावर कशी ठेवायची? साहेब म्हने, वरून मार्गदर्शन मागवू. गार्ड म्हने, तोपर्यंत मी खड्डे करतो. मॅडमनं त्याच्याकडे पाह्यलं. "निकाल लागेपर्यंत त्या जमिनीला कोणी हात लावायचा नाही. कायद्यात लिहिलं आहे."

"कितीही दिवस लागले तरी?" मी विचारलं.

"कितीही."

मंग त्याहीनं मले बाजूले नेलं, तिसऱ्या खांबापाशी. आवाज बारीक केला. "ठमाबाई, फोटो काढून, खरी प्रत म्हणून जोडून मी आजही निकाल देऊ शकते. पण तुम्हाला सांगायला हवं. वरचा कोपरा खाल्लेला आहे, त्यातच साल गेलं आहे. गुन्हा कधीचा ते दिसत नाही. समितीतले बाकीचे मानतील असं मला वाटत नाही. तुम्ही सांगा, आज निकाल देऊ की तारीख देऊ?"

मी वरते पाह्यलं. अर्धा अंगठा होता तिथीच होता. चौदा वर्षं मी तारखेले शिव्या घातल्या. इसरू शेवटच्या तापात तारीख कोनती म्हनून विचारत गेला. या मानसानं माह्या जन्माचा अर्धा भाग तारखेत घालवला असं मी गावभर सांगत फिरली. अन आता माह्या तोंडातून काय निघून राह्यलं ते माह्याच कानाले खरं वाटत नव्हतं.

"निकाल नोको, मॅडम," मी म्हनली. "तारीख द्या."

त्याहीनं देल्ली. मी घरी जाऊन बांध्यातल्या चुन्याच्या फुल्या पायानं पुसल्या अन रोपासाठी धानाचे पऱ्हे टाकले.

आता रोज सकाळी तालुक्याले येते, चाबीनं माडी उघडते, पोर्च झाडते. रंगवाले दोनदा आले होते, छताले चुना मारतो म्हने. झाडू दाखवला, गेले. मॅडमनं विचारलं, कंटाळा नाही का येत? मी म्हनलं, पान सांभाळनं आमचंच काम हाय, मॅडम, आता फाटकं सांभाळते. पुढची तारीख पोळ्यानंतरची भेटली हाय. तवर धान पोटरीत येते, लोंबी पोटात धरते.